म्यूट करा आणि तिचे हात बघा!

आवडती हिरोईन कोण, असं विचारलं की आपल्याला चेहरा आठवतो, नाहीतर डायलॉग. पण सिनेमात ती काम काय करते, ते आठवतं का? माझ्या आवडत्या सहा जणींची ही यादी. त्या कशा दिसतात यावरून नाही, तर काय करतात यावरून केलेली.

तुमच्या आवडत्या हिरोईनचं नाव सांगा. झालं? आता सांगा, त्या सिनेमात ती काम काय करते? म्हणजे घरात, शेतात, ऑफिसात, पोटापाण्यासाठी काय करते?

अडलं ना गाडं!

हिरोचं तसं होत नाही. तो इन्स्पेक्टर असतो, वकील असतो, काहीच नाही तर गुंड तरी असतो. हिरोईन मात्र पुष्कळदा नुसती असते. छान दिसते, रुसते, गाण्यात साड्या बदलते आणि शेवटी हिरोला मिळते.

आता आपल्या जिल्ह्यात या. दिवाळीच्या सुमारास सकाळी सातला जालन्यातून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्याला उभे राहा. डोक्याला रुमाल बांधून, डबा घेऊन कापूस वेचायला निघालेल्या बायकांनी भरलेले टेम्पो दिसतील. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबडकडे कोयत्यावर निघालेली बिऱ्हाडं दिसतील. बसस्टँडवर अंगणवाडीच्या ताई दिसतील, आशाताई दिसतील, पहिल्या एसटीनं कॉलेजला आलेल्या मुली दिसतील. नुसती असलेली बाई? शोधून सापडायची नाही.

मग पडद्यावर ती का नसते? की असते, आणि आपलंच तिच्याकडे लक्ष नसतं?

मास कॉमला असताना एडिटिंगला बसलं की एक सवय लागते. आवाज बंद करून फुटेज बघायचं. आवाज गेला की खोटेपणा लगेच दिसतो. तीच युक्ती मी आवडत्या सिनेमांना लावली. सीन निवडायचा, म्यूट करायचा आणि दोन मिनिटं फक्त तिचे हात बघायचे. ही बाई कोण, हे काम ती किती वर्षं करतेय, काम करताना तिच्या डोक्यात काय चाललंय, एवढं कळलं की अभिनय पास. ती सुंदर आहे एवढंच कळलं, तर ते श्रेय मेकअपवाल्याचं आणि कॅमेरामनचं!

या टेस्टमध्ये पास झालेल्या सहा जणी पुढे आहेत. यादी माझी आहे, तुम्ही खुशाल भांडा. आणि हो, स्मिता पाटील यात नाही. तिच्यासाठी अख्खं पान लागेल, ते पुन्हा कधीतरी.

१. आर्ची, पण इंटरव्हलनंतरची

29 एप्रिल 2016 ला ‘सैराट’ आला आणि आपल्या पिढीला आर्ची मिळाली. बुलेट, ट्रॅक्टर, इंग्लिशमध्ये सांगू का विचारणारा तो डायलॉग... सगळं पाठ आहे तुम्हाला. रिंकू राजगुरू तेव्हा शाळेत होती आणि राष्ट्रीय पुरस्कारांत तिच्या अभिनयाची खास दखल घेतली गेली.

पण मला विचाराल तर तिचा खरा अभिनय बुलेटवरून उतरल्यावर सुरू होतो. पाटलाची लाडकी पोर हैदराबादच्या झोपडपट्टीत येते. जिच्या शब्दावर घर हलायचं, तिला आता शेजारणीची भाषाही कळत नाही. घर आठवून ती रडते. मग हळूहळू बाटल्यांच्या कारखान्यात कामाला लागते, तेलुगू शिकते. एकदा तर चिडून सोडून निघते आणि परतही येते.

म्यूट करून बघा. पहिल्या भागात तिची मान कशी असते आणि खांदे कसे असतात ते पाहा. मग कारखान्यातली आर्ची बघा. तीच मुलगी, पण चालणं बदललंय. हे कुणी डायलॉगमधून सांगत नाही. पळून जाणं तीन मिनिटांच्या गाण्यात होतं. पळून गेल्यावर भाडं, किराणा आणि पगार यांचा मेळ घालत जगावं लागतं. आपण स्टेटसला पहिला भाग ठेवतो, रिंकूनं जीव ओतलाय तो दुसऱ्यात.

२. अलका: पुरणपोळीमागची भीती

‘गाभ्रीचा पाऊस’ (2009) किती जणांनी पाहिलाय? सतीश मनवरचा सिनेमा, विदर्भातल्या कापूसवाल्या शेतकऱ्याची गोष्ट. गावात एकानं आत्महत्या केलीय. आपला नवराही तसंच काही करेल अशी भीती अलकाच्या मनात बसते. म्हणून ती पोराला बापाच्या मागं मागं पाठवते. नवरा खूश राहावा म्हणून गोडधोड करते. नवरा किसना म्हणजे गिरीश कुलकर्णी, अलका म्हणजे सोनाली कुलकर्णी.

गंमत म्हणजे सिनेमा बघताना आपण हसतो. तिची पाळत, पोराचं बापामागं हिंडणं, सगळं विनोदी वाटतं. आणि मग हसता हसता पोटात गोळा येतो. कारण ही भीती आपल्या ओळखीची आहे. कापूस आपलाही आहे, बेभरवशाचा पाऊसही. जाफराबाद, भोकरदनच्या पोरांना तर भाषाही परकी वाटायची नाही, बुलढाणा जिल्हा बांधालाच आहे त्यांच्या.

सोनाली कुलकर्णी मूळची पुण्याची. पण इथे ती शेतकऱ्याच्या घरातली वाटते, आणि ते फक्त भाषेमुळे नाही. चुलीपुढे हात चालू असतात आणि नजर दाराकडे असते. कामाचा वेग कमी होत नाही, पण लक्ष कामात नाही. अशी बाई तुम्ही पाहिली असेल. आपल्याकडे शेतकऱ्याच्या आत्महत्येची बातमी होते, आकडा होतो. पण ती होऊ नये म्हणून घरात दिवसरात्र जागी असलेली बाई बातमीत कुठेच नसते. मी बातम्या लिहायला शिकतेय, म्हणून मला अलका जास्तच लागली.

३. सरकारी वकील नूतन

आवडत्या भूमिकांच्या यादीत अशी बाई, जी आवडतच नाही? हो, आहे!

चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ (2014). एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगारानं आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्याच्यावर खटला चालतो. सरकारी वकील आहे नूतन, म्हणजे गीतांजली कुलकर्णी. एका माणसाचं आयुष्य पणाला लागलंय आणि ही बाई जुन्या कायद्यातली कलमं किराण्याची यादी वाचावी तशी वाचते. राग येतो तिचा.

मग कोर्ट सुटतं. नूतन लोकलमध्ये बसते. शेजारणीशी साडीवर बोलते, घरच्या खाण्यापिण्यावर बोलते. पोराला घेऊन घरी जाते, स्वयंपाकाला लागते. बाकीचे टीव्ही बघतात. आता राग धरावा की नाही, तेच कळत नाही. ही तर कुठल्याही नोकरी करणाऱ्या काकूंसारखी आहे!

इथे माझ्या टेस्टला अपवाद करावा लागतो. घरातली नूतन म्यूट करून बघा, पण कोर्टातली नूतन आवाजासकट ऐका. त्या सपाट, कंटाळलेल्या आवाजातच सगळं आहे. गीतांजलीनं तिला खलनायिका केली नाही, बिचारीही केली नाही. दिवसभर दमणारी, घर सांभाळणारी बाईसुद्धा दुसऱ्यावरच्या अन्यायाचा भाग असू शकते, हे पचायला जड आहे. बाईची भूमिका चांगली म्हणजे बाई चांगलीच दाखवली पाहिजे, असं कुणी सांगितलं?

याच सिनेमात मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते. तिचा सीन चुकवू नका. कोर्टातून गाडीनं घरी सोडताना आरोपीचा वकील तिला पैसे देऊ करतो. ती पैसे घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते.

४. छाया कदम: एक नाव, चार बायका

ही एक भूमिका नाही, एक अभिनेत्री आहे. ‘फँड्री’मधली जब्याची आई आठवते? अख्खं गाव बघत असताना डुक्कर पकडायला धावणारं ते कुटुंब आठवतं? त्यातली आई छाया कदम. ‘सैराट’मध्ये आर्ची-परश्याला हैदराबादेत आसरा देणारी सुमनअक्का, तीही छाया कदम. आपण दोन्ही सिनेमे पाहिले, पण किती जणांनी तिचं नाव लक्षात ठेवलं?

2024 साल आलं आणि तिला न ओळखणं अवघड झालं. मार्चमध्ये ‘लापता लेडीज’ आला. रेल्वे स्टेशनवर चहाचा गाडा चालवणारी मंजू माई. मारझोड करणाऱ्या नवऱ्याला आणि पोराला हाकलून एकटी राहणारी. चुकून भलत्याच स्टेशनवर राहिलेल्या नव्या नवरीला, फूलला, ती कामाला लावते आणि तिच्या हातात तिची पहिली कमाई ठेवते. फूलचा चेहरा तर बघाच, पण पैसे देणाऱ्या माईचा चेहराही बघा. तिथे माया आहे, पण ती दाखवायची नाही असं ठरवलेलं आहे. जालन्याच्या स्टेशनबाहेरच्या एखाद्या चहावाल्या मावशीशी जुळतंय का काही?

मे महिन्यात पायल कपाडियाच्या ‘ऑल वुई इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला कान महोत्सवात ग्रांप्री मिळाला. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा तीस वर्षांनी पोचला होता. त्यात छाया कदम आहे पार्वती. मुंबईतल्या हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, रत्नागिरीकडची विधवा. ज्या खोलीत आयुष्य काढलं, ती तिचीच आहे हे सांगणारा कागद तिच्याकडे नाही आणि बिल्डर तिला बाहेर काढतोय. नावावर कागद नसलेल्या बायका आपल्या ओळखीत किती आहेत, मोजून बघा. सातबाऱ्यापासून सुरुवात करा.

चारही बायका कष्टाच्या, पण एकीची दुसरीत भेसळ नाही. फँड्रीतली आई मान खाली घालून राबते. पार्वती सरळ उभी राहते आणि बिल्डरच्या जाहिरातीच्या बोर्डावर दगड भिरकावते.

५. चन्नम्मा: न शिकलेली डॉक्टर

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’. संस्कृतचे मोठे विद्वान, डॉ. चक्रपाणी शास्त्री. अल्झायमरमुळे सगळं विसरत चाललेत. ही भूमिका डॉ. मोहन आगाशे यांची. एक दिवस रस्त्यात हत्ती दिसतो आणि ते मुलीच्या गाडीतून उतरून त्याच्या मागं चालू लागतात. घरचे हवालदिल होऊन शोधतायत आणि हे पोचतात हत्तीवाल्याच्या पालावर. तिथे त्याची बायको आहे, चन्नम्मा.

अमृता सुभाषला या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कानडी वळणाचं तुटकमुटक मराठी बोलणारी ही बाई. स्वतःच्याच पोटाची चिंता, त्यात हे अनोळखी म्हातारं गळ्यात पडलेलं. अल्झायमर हा शब्दही तिनं ऐकलेला नसणार. पण घरचे शिकलेले लोक ज्या प्रश्नापुढे थकले, तो ती एका क्षणात सोडवते. म्हातारा लेकरू झालाय ना? मग लेकराला सांभाळतात तसं सांभाळायचं. बस्स.

अमृता सुभाष इथे त्यागाची मूर्ती होत नाही. ती सांभाळते, पण वैतागतेही. आजारी आजी-आजोबांचं करणारी आई किंवा काकू घरात असेल तर तुम्हाला हे लगेच कळेल. माया आणि वैताग एकाच हातात असतात. तो हात म्यूटवरही ओळखू येतो.

६. नीरा: काम नाकारणारे हात

सगळ्यात जुनी शेवटी ठेवली. 1937 चा ‘कुंकू’. प्रभातचा, व्ही. शांतारामांचा. ब्लॅक अँड व्हाइट म्हणून स्क्रोल करू नका, थांबा जरा.

नीरा अनाथ आहे. मामा फसवून तिचं लग्न लावून देतो, बापाच्या वयाच्या विधुर वकिलाशी. नवऱ्याला मोठी झालेली मुलं आहेत. त्या काळच्या सिनेमात पुढे काय व्हायला हवं? तिनं रडायचं आणि नशीब म्हणून संसार करायचा. पण नीरा म्हणते, हे लग्न मला मान्य नाही. घरात राहते, पण बायको म्हणून राहत नाही. वाईट नजरेच्या सावत्र मुलाला तर छडीनं फोडून काढते!

शांता आपटे नीरा झाली होती. तिच्या डोळ्यांत राग आहे, पण वयाला शोभेल असा खोडकरपणाही आहे, म्हणून ती आज बघतानाही जुनी वाटत नाही. सिनेमात वेगळं पार्श्वसंगीत नाही. घरातलेच आवाज आहेत, घड्याळाची टिकटिक आहे. आपल्या टेस्टसाठी जणू तयारच! आधीच्या पाच जणींचे हात काम करताना बघितले. हिचे हात बघायचे ते नकार देताना. ज्या घरात फसवून आणलं, त्या घराची सून म्हणून राबायला नकार.

शांता आपटे खऱ्या आयुष्यातही तशीच होती. दोन वर्षांनी, 1939 मध्ये, करारावरून वाद झाला तेव्हा ती प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसली होती.

आता तारखा बघा. मुलींच्या लग्नाचं किमान वय 14 करणारा शारदा कायदा 1929 चा. ‘कुंकू’ 1937 चा. वय 18 झालं 1978 मध्ये. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या शंभरातल्या जवळजवळ 22 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. शेजारच्या परभणीत हा आकडा 48. बीडमध्ये 44 च्या आसपास. आपला जालनाही राज्याच्या सरासरीच्या वरच.

म्हणजे नीरा जुनी झालेलीच नाही. अकरावीत तुमच्या बाकावर बसणारी, दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजला आलीच नाही अशी एखादी मैत्रीण आठवते का? कुणी म्हणालं, स्थळ चांगलं होतं. कुणी म्हणालं, आईबाप कोयत्यावर जाणार, मग पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवायचं? विषय संपला. तिनं नाही म्हटलं होतं का, हे कुणी विचारलंच नाही.

मग यातून काय घ्यायचं?

सिनेमा बघून बालविवाह थांबत नाहीत, हे मलाही कळतं. पण बघायची सवय बदलते आणि ती महत्त्वाची आहे. शंतल अ‍ॅकरमन नावाच्या पंचविशीतल्या बेल्जियन मुलीनं 1975 मध्ये ‘जान दिलमां’ हा तीन तास वीस मिनिटांचा सिनेमा केला. त्यात एक विधवा तीन दिवस घरकाम करते. बटाटे सोलते, अंथरूण नीट करते, भांडी घासते. बटाट्याचं गणित जरा बिघडलं की आपल्याला धडकी भरते, कारण तोवर आपण तिच्या हातांकडे बघायला शिकलेलो असतो. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या 2022 च्या पाहणीत समीक्षकांनी या सिनेमाला आजवरचा सर्वोत्तम ठरवलं. बटाटे सोलणाऱ्या बाईला!

आपण सगळेच आता फोनवर शूट करतो. रील करतो, कॉलेजच्या गॅदरिंगला शॉर्टफिल्म करतो. त्यातली मुलगी काय करते? नुसती असते की काही करते? पुढची स्क्रिप्ट लिहाल तेव्हा एवढं तपासा. तिच्या हाताला काम द्या, डोक्याला विचार द्या आणि नाही म्हणायचा हक्क द्या. मग ती दिसायला कशी का असेना.

या रविवारी करून बघा

- यादीतला एक सिनेमा निवडा. एकट्यानं नाही, चार-पाच जणांनी मिळून बघा. हॉस्टेलच्या खोलीत एक लॅपटॉप पुरतो.
- ज्या मैत्रिणींना संध्याकाळनंतर घराबाहेर सोडत नाहीत, त्यांच्यासाठी कॉलेजच्या वेळेतच बघायचं ठरवा. सरांना, मॅडमना हॉल मागा. नाही म्हणाले तर पुन्हा मागा.
- एक सीन म्यूटवर बघा. प्रत्येकानं कागदावर लिहा, ही बाई आत्ता काय विचार करतेय. मग कागद जुळवा. भांडणं होतील. होऊ द्या.
- घरातल्या बाईला तिची आवडती भूमिका विचारा. आई, आजी, आत्या, कुणीही. नाव ऐकून थांबू नका, का आवडते तेही विचारा.
- आणि सिनेमाबाहेरची एक गोष्ट. ओळखीत कुणा मुलीचं अठराच्या आत लग्न ठरत असेल तर 1098 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो. तिच्या ‘नाही’चा आवाज घरात कुणी म्यूट केला असेल, तर तो तुम्ही पोचवू शकता.